परागकणांपासून पोटापर्यंत : नाकाच्या ॲलर्जीची दोनशे वर्षं

आजचा विषय तसा घरोघरचा आहे. सकाळी उठलं की लागोपाठ दहा-पंधरा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, आणि ताप मात्र नाही. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी आहे, धुळीपासून जपा. शेजारचे म्हणतात दही बंद करा. आणि अलीकडे औषधाच्या दुकानातला माणूस सांगतो की प्रोबायोटिक घ्या, सगळं पोटातून सुरू होतं. नाकाचा आणि पोटाचा संबंध काय, असा प्रश्न मग कुणालाही पडेल. आज आम्ही या प्रश्नाचं उत्तर इतिहासातून शोधणार आहोत. म्हणजे ही कल्पना कुठून आली, कशी बदलत गेली, आणि तिच्यातलं आज किती पक्कं आहे, ते बघू.

बड्या लोकांचा आजार

सुरुवात लंडनमधून करू. 1819 साली जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय सभेपुढे एक निबंध वाचला. एका रुग्णाला लहानपणापासून दर उन्हाळ्यात डोळ्यांची आग, शिंका, छातीत दाटणं असा त्रास व्हायचा, त्याची ती हकीकत होती. हा रुग्ण म्हणजे स्वतः बोस्टॉकच. पुढची नऊ वर्षं त्यांनी आपल्यासारखे आणखी रुग्ण शोधले. एवढ्या मोठ्या देशात किती सापडावेत? 1828 साली त्यांनी जो दुसरा निबंध लिहिला त्यात जेमतेम 28 जणांची नोंद आहे.

हा आकडा लक्षात ठेवा. त्याआधी असा त्रास कुणाला नव्हताच असं नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास अल-राझी या इराणी वैद्याने वसंतात गुलाबाच्या वासाने होणाऱ्या सर्दीबद्दल लिहून ठेवलं आहे. पण ती अपवादाची गोष्ट होती. बोस्टॉक यांनाही हा आजार दुर्मीळच वाटला. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, जी आजच्या व्याख्यानाचा खरा धागा आहे : त्यांना सापडलेले सगळे रुग्ण मध्यम किंवा वरच्या वर्गातले होते. गरिबांमध्ये त्यांना एकही सापडला नाही.

लोक म्हणायचे, हे सगळं नव्या वाळल्या गवतामुळे होतं. म्हणून नाव पडलं ‘हे फीव्हर’, गवताचा ताप. बोस्टॉक यांना स्वतःला ते पटत नव्हतं. त्यांचा संशय उन्हावर, उकाड्यावर होता.

कारण सापडलं ते 1873 साली. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरांना हाच त्रास होता. त्यांनी प्रयोगासाठी दुसरं कुणी शोधलं नाही, स्वतःवरच प्रयोग केले. गवताचे परागकण नाकात घातले, डोळ्यांत घातले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळले, आणि काय होतं ते लिहून ठेवलं. आज ॲलर्जीतज्ज्ञ हातावर टोचून जी चाचणी करतात तिचं मूळ हे. हवेत वर किती पराग असतात हे मोजायला त्यांनी चिकट काचा पतंगांना बांधून उंच सोडल्या. पराग हेच कारण, हे त्यांनी सिद्ध केलं.

पण तिथेच एक कोडं उभं राहिलं. पराग सगळ्यांत जास्त कुणाच्या नाकात जातात? शेतकऱ्याच्या. आणि शेतकऱ्यांना तर हा आजार जवळजवळ होतच नव्हता. ब्लॅकली यांनी याची दोन कारणं सुचवली. एक, शिक्षणाने आणि बौद्धिक कामाने माणूस या आजाराला नाजूक बनत असावा. दुसरं, सतत परागात वावरून शेतकऱ्याचं शरीर त्याला सरावत असावं. पहिल्या कारणाला आज आपण हसू. पण दुसऱ्या कारणात पुढच्या दीडशे वर्षांचं बीज होतं, हे विसरून चालणार नाही.

त्या काळच्या लोकांना मात्र पहिलं कारणच आवडलं. अमेरिकेत 1874 साली हे फीव्हर झालेल्यांनी चक्क आपली संघटना काढली. दर उन्हाळ्यात ही मंडळी न्यू हॅम्पशरच्या डोंगरातल्या हॉटेलांत मुक्कामाला जायची. हे फीव्हर असणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण झालं.

शत्रू बाहेरचा की आतला?

विसावं शतक उजाडलं तेव्हा जंतुशास्त्राचा दबदबा होता. आजार म्हणजे बाहेरचा शत्रू, असं समीकरण. 1911 साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून आणि जॉन फ्रीमन यांनी परागाचा अर्क अगदी थोड्या प्रमाणात टोचून मात्रा वाढवत न्यायची पद्धत सुरू केली. नून यांची समजूत अशी की परागात विष असतं आणि त्या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार करायची. गंमत बघा, समजूत चूक होती आणि उपचार बरोबर निघाला. आजही तो, बराच सुधारून, वापरात आहे.

विष परागात नाही, हे हळूहळू कळत गेलं. 1906 सालीच व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला होता. अर्थ साधा : बदललेला प्रतिसाद. म्हणजे दोष बाहेरच्या वस्तूत नाही, शरीर तिला कसं वागवतं यात आहे. पुढे 1966-67 मध्ये अमेरिकेत काम करणारं इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे त्यामागचा रेणू शोधला. त्याला आयजीई म्हणतात. ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या शरीरात परागाविरुद्ध आयजीई तयार होतं आणि नाकातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. पुढच्या वेळी पराग आला की त्या पेशी फुटतात, हिस्टामिन सुटतं, आणि शिंका सुरू. आपण जी शिंकांची गोळी घेतो ती हिस्टामिनला अडवते.

यंत्रणा कळली. पण ‘हे कसं होतं’ हे कळलं म्हणजे ‘हे यालाच का होतं, त्याला का नाही’ हे कळलं असं नव्हे. आणि दरम्यान बोस्टॉकचे ते 28 रुग्ण विसाव्या शतकाच्या अखेरीस कोट्यवधी झाले होते. दोनशे वर्षांत माणसाची जनुकं इतकी बदलत नाहीत. मग बदललं काय?

थोरली भावंडं आणि दोन जर्मनी

1989 साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी एक छोटा लेख लिहिला. मार्च 1958 मधल्या एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या 17 हजारांहून जास्त मुलांची माहिती त्यांच्याकडे होती. त्यांना दिसलं की ज्या मुलाला भावंडं जास्त, विशेषतः थोरली भावंडं, त्याला हे फीव्हर कमी. थोरली भावंडं शाळेतून जंतू घेऊन येतात, धाकट्याला लहानपणीच संसर्ग होतात, आणि त्यातून त्याचं रक्षण होत असावं. याला पुढे ‘स्वच्छतेचा सिद्धांत’ असं नाव पडलं.

त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. एरिका फॉन मुटियस या म्युनिकच्या बालरोगतज्ज्ञ. पूर्वेकडच्या लाइपझिगची हवा कोळशाच्या धुराने भरलेली, तेव्हा तिथल्या मुलांना ॲलर्जी जास्त असणार, असा सर्वांचा अंदाज. प्रत्यक्षात उलटं निघालं. तिथे खोकला, ब्राँकायटिस जास्त होता, पण हे फीव्हर आणि दमा पश्चिमेपेक्षा कमी. आणि मग एकीकरणानंतर, 1991-92 ते 1995-96 या चार वर्षांतच, लाइपझिगच्या शाळकरी मुलांमधलं हे फीव्हरचं प्रमाण 2.3 टक्क्यांवरून 5.1 टक्क्यांवर गेलं. लोक तेच, गाव तेच. बदललं ते राहणीमान, आणि त्यात खाणंपिणंही आलं.

असाच एक नमुना फिनलंड आणि रशिया यांच्या सीमेवर आहे. कारेलिया हा प्रांत दुसऱ्या महायुद्धात दोन देशांत विभागला गेला. हवामान तेच, झाडं तीच. फिनलंडच्या बाजूला ॲलर्जी भरपूर, रशियाच्या बाजूला अगदी थोडी. रशियन बाजूला गावाकडचं जुनं राहणीमान टिकलेलं, आणि तिथल्या शाळांच्या पिण्याच्या पाण्यातही जिवाणू कितीतरी जास्त आढळले.

मात्र एक दुरुस्ती इथेच करायला हवी. ‘स्वच्छतेचा सिद्धांत’ या नावाने बराच घोटाळा झाला. गोवर-कांजिण्यांसारखे आजार होऊन गेले की ॲलर्जीपासून संरक्षण मिळतं, याला पुढे आधार सापडला नाही. ग्रॅहम रूक यांनी 2003 साली जास्त नेमकी मांडणी केली. ते म्हणाले, प्रश्न आजाराच्या जंतूंचा नाही. माणसाबरोबर लाखो वर्षं राहिलेले जे निरुपद्रवी जीव आहेत, मातीतले, जनावरांच्या अंगावरचे आणि आपल्या आतड्यातले, त्यांचा प्रश्न आहे. त्यांनी त्यांना नाव दिलं ‘जुने मित्र’. तेव्हा घाणीत राहा, हात धुऊ नका, असा याचा अर्थ बिलकुल नाही.

गोष्ट पोटात उतरते

आता आतड्याकडे येऊ. आतड्यातल्या जिवाणूंचा तब्येतीशी संबंध आहे, ही कल्पना नवी नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती मांडली. मोठ्या आतड्यातल्या कुजण्याने म्हातारपण येतं, आणि बल्गेरियातल्या शेतकऱ्यांसारखं आंबवलेलं दूध प्यायल्याने आयुष्य वाढतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना 1908 साली नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी. आंबट दुधाची मात्र यूरोपात लाट आली, गोळ्यासुद्धा विकल्या गेल्या. लंडनचे एक नामवंत शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठावर उपाय म्हणून रुग्णांची मोठी आतडीच काढून टाकली. अर्ध्या कच्च्या कल्पनेवर माणसं किती पुढे जातात, याचं हे उदाहरण. या अतिरेकामुळे विषयाची पतही गेली आणि तो बरीच वर्षं मागे पडला.

तो परत आला 1990 च्या दशकात, बाल्टिक समुद्राच्या दोन किनाऱ्यांवर. इकडे स्वीडन, तिकडे एस्टोनिया. एस्टोनियात ॲलर्जी कमी, कारण तिथलं राहणीमान काही दशकं मागचं होतं. बेंग्ट ब्यॉर्कस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही देशांतल्या दोन वर्षांच्या 62 मुलांच्या विष्ठेतले जिवाणू तपासले. देश कुठलाही असो, ॲलर्जी असलेल्या मुलांमध्ये लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू कमी वेळा आढळले. हा लेख 1999 साली आला.

त्याच वर्षी स्वीडनमधून आणखी एक लेख आला. यार्ना इथे रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचाराने राहणाऱ्या कुटुंबांची वस्ती आहे. त्यांच्या शाळांतली मुलं आणि शेजारच्या नेहमीच्या शाळांतली मुलं यांची तुलना केली. स्टायनर शाळांतल्या 63 टक्के मुलांच्या जेवणात आंबवलेल्या भाज्या होत्या, इतर शाळांत फक्त 4.5 टक्के. अँटिबायोटिक घेतलेली मुलं एकीकडे 52 टक्के, दुसरीकडे 90. आणि ॲलर्जीकडे कल असलेली मुलं एकीकडे 13 टक्के, दुसरीकडे 25.

किती सुंदर आकडे! पण सावध राहा. या कुटुंबांची लसीकरणाची पद्धतही वेगळी होती, खाणं वेगळं, औषधं वेगळी, सगळंच वेगळं. मग श्रेय कशाला द्यायचं? या अभ्यासाचा आधार घेऊन कुणी ‘लस देऊ नका’ म्हणत असेल तर ते ऐकू नका. गोवराने आजही मुलं दगावतात. शिंकांनी दगावत नाहीत.

चोथ्याचं महत्त्व

आहाराचा संबंध नेमका कसा लागतो? इथे गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं काम महत्त्वाचं आहे. आपण जो चोथा खातो, म्हणजे धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे रेषे, तो आपल्याला पचत नाही. लहान आतडं त्याला हातही लावत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र तो आंबवतात, आणि त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी छोटी मेदाम्लं तयार होतात.

दुसरीकडे, जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 साली एका खास पांढऱ्या पेशीचा शोध लावला होता. या ‘नियामक टी पेशी’ प्रतिकारशक्तीला आवर घालतात. सैन्यातल्या शिस्तपाल शिपायासारखं त्यांचं काम : ऊठसूट गोळी झाडू नका. या शोधमालिकेला 2025 चं नोबेल मिळालं. 2013 साली वेगवेगळ्या गटांनी उंदरांमध्ये दाखवलं की जिवाणूंनी बनवलेल्या या छोट्या मेदाम्लांमुळे आतड्यात अशा पेशी वाढतात.

आणि 2014 साली स्वित्झर्लंडच्या लोझान इथून पुढची पायरी आली. उंदरांच्या दोन गटांना कमी-जास्त चोथ्याचा आहार दिला आणि मग घरच्या धुळीतल्या माइटची ॲलर्जी करवली. कमी चोथावाल्यांच्या श्वासमार्गात सूज जास्त, भरपूर चोथावाल्यांच्या कमी. प्रोपिओनेट रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत पोचून तिथे तयार होणाऱ्या पेशींचा स्वभावच थोडा मवाळ करतं, असं त्यांनी दाखवलं. पोट आणि श्वासाची वाट यांच्यातला दुवा हा असा.

बाळाच्या बाबतीत निसर्गाने हीच युक्ती आधीच केलेली आहे. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियासाठी. आई एकाच वेळी दोघांना पाजत असते म्हणा ना.

मग प्रोबायोटिक घ्यायचं का?

आता कसोटीची गोष्ट. फिनलंडच्या तुर्कू शहरात गरोदर स्त्रियांना आणि नंतर त्यांच्या बाळांना लॅक्टोबॅसिलस जीजी हा जिवाणू दिला. 2001 साली निकाल आला : दोन वर्षांच्या वयाला इसब 46 टक्क्यांवरून 23 टक्क्यांवर. जगभर बातमी झाली. पण त्याच मुलांना पुढे सात वर्षांपर्यंत तपासलं तेव्हा नाकाची ॲलर्जी मात्र कमी झालेली नव्हती. पहिल्या बातमीइतका या निकालाचा गाजावाजा झाला नाही.

मोठ्या माणसांवर झालेल्या चाचण्यांचं सार असं : काही विशिष्ट जिवाणूंनी काही लोकांना थोडा आराम वाटतो, पण परिणाम माफक आहे, आणि एका जातीचा निकाल दुसऱ्या जातीला लागू होत नाही. बाटलीवर नुसतं ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं असणं म्हणजे डब्यावर नुसतं ‘पीठ’ लिहिण्यासारखं आहे. कसलं पीठ?

मग दोनशे वर्षांतून आपण शिकलो काय? आम्हाला वाटतं, तीन गोष्टी. एक, हा आजार नुसता परागाचा नाही, परागाला सहन करण्याची शिकवण हरवल्याचा आहे. दोन, ती शिकवण मुख्यतः लहानपणी मिळते, आणि तिच्यात माती, जनावरं, थोरली भावंडं, अंगावरचं दूध आणि चौरस आहार या सगळ्यांचा वाटा आहे. एकच गोष्ट उचलून बाटलीत भरली की तेच फळ मिळेल असं नाही. तीन, नाहक अँटिबायोटिक टाळणं आपल्या हातात आहे. साध्या सर्दीला ते लागत नाही.

फिनलंडने 2008 साली दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. तोपर्यंतचा सल्ला होता ‘टाळा’. नवा सल्ला होता ‘सहनशीलता वाढवा’. ब्लॅकली यांनी शेतकऱ्याकडे बघून जे म्हटलं होतं, तिथे आपण फिरून आलो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आमच्याकडे भाकरी, उसळ, ताक हे पूर्वीपासून आहे. मग आमच्याकडे ॲलर्जी का वाढली?*

पूर्वीपासून आहे हे खरं, पण रोजच्या ताटात अजून किती आहे, ते प्रत्येकाने आपापल्या घरी बघावं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली कडधान्यं, सालासकट डाळ हा उत्तम चोथा आहे, ताकात जिवंत जिवाणू असतात. हा आहार चांगलाच. पण त्याने शिंका जातील असं वचन आम्ही देणार नाही. शिवाय आपल्याकडे नवे शत्रूही आले. गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवत म्हणतात, त्याची भारतातली नोंद 1950 च्या दशकात पुण्यात झाली, आणि आज ते देशभर पसरलं आहे. त्याच्या परागाने नाकाची आणि कातडीची दोन्ही ॲलर्जी होते.

*यूरोपात गोठ्यातलं कच्चं दूध पिणाऱ्या मुलांना ॲलर्जी कमी असते असं वाचलं. आपण दूध न उकळता द्यावं का?*

नाही. निरीक्षण खरं आहे, आणि उकळलेल्या दुधात तो परिणाम दिसला नाही हेही खरं. पण कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार होतात. ते संशोधकही कच्चं दूध प्या असं सांगत नाहीत. आपल्या आजीने दूध उकळायची सवय लावली ती योग्यच होती.

*आयुर्वेदात सर्दीचा संबंध पचनाशी जोडलाच आहे ना? मग यात नवीन काय?*

प्रतिश्यायाचं वर्णन आपल्या जुन्या ग्रंथांत आहे, आणि पचनाकडे बघण्याची दृष्टीही आहे. तिचा मान ठेवू. पण ‘अग्नी मंद झाला’ आणि ‘आतड्यातलं प्रोपिओनेट कमी पडलं’ ही दोन विधानं एकच आहेत असं म्हणायची घाई करू नये. दोन्हींना आपापल्या जागी तपासलं तरच दोन्हींचा उपयोग होईल. मेचनिकॉफ यांच्या वेळी घाई झाली आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. ती आपल्याला पुन्हा मोजायला लागू नये, एवढं सांगून आज थांबतो.